ओटीपोटातला गड्डा

माझ्या बहिणीच्या मुलीच्या ओटीपोटात गाठ निघाली तेव्हा तिची सोयरीक जमलेली होती. मुलगा खानापूरकडचा, घरची भातशेती, सुपारी फुटलेली, लग्न दिवाळीनंतर. आणि बेळगावच्या एका दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गाठ चांगली मुठीपेक्षा मोठी आहे, कसली आहे ते काढल्याशिवाय कळायचं नाही, तेव्हा येत्या शुक्रवारी पोट उघडून काढून टाकू. गर्भाशयाला चिकटलेली निघाली तर काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तेव्हाचं तेव्हा बघू. आधी जीव." त्यांचं ते 'तेव्हाचं तेव्हा' माझ्या डोक्यात गेलं. मी शिवणकाम करणारी बाई. कात्री लावायच्या आधी कापड पुरतं उलगडून बघायचं, एवढं तर आमच्याकडे शिकाऊ पोरीलाही सांगावं लागत नाही.

माझं दुकान रामनगरला, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. दुकानामागेच दोन खोल्या आणि परस. नवरा गोव्याच्या लाइनवर ट्रक चालवतो, त्यामुळे घर बहुतेक माझ्या एकटीचंच. बहीण माझ्याहून पुष्कळ मोठी, दिलेली दिग्गीच्या वाटेवरच्या एका गावात, जिथं बस येते ती ड्रायव्हरची मर्जी असेल तेव्हा. आम्ही तिला अक्का म्हणतो. आमच्याकडे नाती निम्मी कन्नड, शिव्या मराठी आणि लाड कोकणीत. आई लवकर गेली, त्यामुळे मला कडेवर घेऊन वाढवलं ते अक्कानं. तिला उशिरा झालेली ही एकच मुलगी. दहावीनंतर घरीच होती. दिसायला नाकीडोळी नीटस, बोलायला कमी, हात मात्र कामाला वाघ.

गाठ सापडली तीही चुकून. पोरीला लघवीला जळजळ व्हायला लागली म्हणून रामनगरच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पोट दाबलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि दांडेलीला स्कॅनला पाठवलं. तिथल्या बाई कन्नडात म्हणाल्या, पोटात गड्डे आहे. आता कन्नडात गड्डे म्हणजे गाठही आणि जमिनीतला कंदही. आमच्या डोंगरात घराघराच्या परसात कंद लावतात, वर्षाचे काही महिने त्यावरच निघतात. अक्का लगेच म्हणाली, "गड्डा? अवो बाई, यंदा हिनं कंद तोंडाला बी लावलं न्हाई." मला हसू फुटलं आणि पोरीचा चेहरा बघून तसंच गिळावं लागलं. त्या दिवसापासून अक्कानं पोरीच्या ताटातून कंद बंद केले. सगळ्या आजारात तेवढंच तिच्या हातात होतं, ते तिनं केलं.

बेळगावच्या दवाखान्यात पहिल्या दिवशी नर्सनं सगळी माहिती विचारली. नाव, वय, आधीचे आजार. मग आवाज खाली आणून आमच्या बाजूच्या कन्नडात म्हणाली, "तिंगळा तिंगळा होरग कूडताळेनु?" म्हणजे महिन्याच्या महिन्याला बाहेर बसते का. पाळी हा शब्द चारचौघांत कोण उच्चारतो? कन्नडात नाही, मराठीत नाही, कोकणीत तर नाहीच. अक्का म्हणाली, "बसती की. एक म्हैना चुकत न्हाई." त्यात खोटं काहीच नव्हतं. मी स्वतः अक्काकडे गेले होते तेव्हा पोरीला पडवीच्या कोपऱ्यात वेगळं ताट आणि वेगळी चटई घेऊन बसलेली पाहिलं होतं. नर्सनं मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

रक्त तपासलं, ते चांगलं आलं. कॅन्सरचं म्हणून एक तपासलं, तेही चांगलं आलं. तरी गाठ आहे म्हणजे आहे, असं मोठे डॉक्टर म्हणाले. स्कॅनमध्ये गर्भाशय नीट दिसत नव्हतं. गाठीनं बाजूला ढकललं असेल, उघडल्यावर दिसेल, असं ते म्हणाले. आम्ही माना डोलावल्या. माणूस घाबरला की त्याला सगळंच पटतं.

शुक्रवारपर्यंत दोघी माझ्याकडे राहिल्या, कारण अक्काच्या गावाहून बेळगाव गाठायचं म्हणजे वाटेतच जीव जातो. दाजी म्हशी आणि भात सोडून येऊ शकत नव्हते. रेंजसाठी टेकाडावर चढून फोन करायचे, आणि इतकं चढून विचारायचे एकच, "बरी हाय न्हवं?" मी म्हणायची, बरी आहे. फोन ठेवल्यावर मशीनवर बसले की पाय हलायचा नाही. साखरपुड्याचा ब्लाऊज मीच शिवला होता. छाती, कंबर, खांदे, सगळी मापं घेतली होती. सुरेख अंग, कुठं काही कमी नाही, काही जास्त नाही. आणि त्याच वेळी बोटभर खाली ते बसलेलं होतं. माझ्या टेपला काही कळलं नाही याचा मला राग येत होता. कुणाचा राग करावा ते कळत नसलं की माणूस टेपचासुद्धा करतो.

पोरगी मात्र शांत होती. ब्लाऊजना हुक लावायची, काजं करायची. गिऱ्हाईक बायका विचारायच्या, लग्नाची तयारी वाटतं? ती हसून मान खाली घालायची. ते हसणं बघून मला आत जाऊन रडावंसं वाटायचं आणि मी जायचेही. परसातला नळ सोडायचा म्हणजे आवाज बाहेर जात नाही.

एका सकाळी उठून बघते तर अक्कानं परसात धुण्याच्या दगडाशेजारी पोतं अंथरलेलं, आणि पोरगी त्यावर बसलेली. बाजूला पाण्याचा तांब्या, वेगळी ताटली.

"हे काय?" मी विचारलं.

"तिची वेळ हाय," अक्का म्हणाली.

माझं टाळकं सरकलं. पोटात गाठ असलेली पोर, पुढ्यात ऑपरेशन, आणि हिला परसात गार फरशीवर बसवते. "माझ्या घरात असलं काही चालणार नाही," मी ओरडले. "ऊठ गं. आत येऊन कॉटवर झोप." पोरीनं आईकडे बघितलं. अक्कानं तोंड फिरवलं. मग पोरगी उठून आत आली. मी मेडिकलमधून पॅडचा पुडा आणला, काळ्या पिशवीत गुंडाळून देतात तसा, आणि तिच्या उशाशी ठेवला. कापड वापरू नकोस, म्हटलं, ऑपरेशनच्या तोंडावर इन्फेक्शन नको.

दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात आलं की ऑपरेशनच्या दिवशी पाळी चालू असली तर चालतं का, ते विचारायला हवं. दवाखान्याला फोन लावला. पलीकडच्या बाईनं विचारलं, जास्त जातंय की कमी? मला काय माहीत? थांबा, विचारते, म्हणून मी आत गेले. पुडा उशाशी होता तसाच. वरची काळी पिशवीसुद्धा उलगडलेली नव्हती. पाळीचा म्हणायचा तर दुसरा दिवस होता तो.

मी फोन बंद केला. पोरगी मशीनशेजारच्या स्टुलावर बसून काज करत होती. मी तिच्यासमोर खाली बसले.

"कापड वापरतेस का अजून?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग?"

तिनं दाराकडे बघितलं. अक्का परसात भांडी घासत होती, राखेचा खरखर आवाज येत होता. पोरगी सुई कापडात तशीच खोचून म्हणाली, "मावशी, मला कधी आलंच न्हाई."

"या महिन्यात?"

"कधीच."

"अगं, मग बाहेर बसतेस ते?"

"आई बसवती."

मी शिकलेली नाही फार, पण तेवढं ऐकून घोळ माझ्या लक्षात आला. बाहेर बसणं म्हणजे पाळी, हे आमच्या भाषेत इतकं एक होऊन गेलंय की बसणं एकीकडे आणि पाळी दुसरीकडे असू शकेल, असं कुणाच्या मनातही येत नाही. नर्सनं विचारलं ते बसते का. अक्कानं खरं तेच सांगितलं, बसते. आणि त्या एका शब्दावर शुक्रवारी या पोरीचं पोट उघडणार होते.

परसात जाऊन मी अक्काच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. तिला काही सांगावं लागलं नाही. माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं. राखेचे हात तसेच मांडीवर ठेवून ती एकदम बोलायला लागली.

"तिच्या वारगीच्या, बरोबरीच्या पोरी समद्या न्हाल्या, शाण्या झाल्या. बायका इच्यारायला लागल्या, तुझी अजून कशी न्हाई? तिची आत्या तर तोंडावर म्हणाली, पोरगी नीट हाय न्हवं? मग एक दिस मीच सांगितलं, न्हाली म्हणून. वाटलं, आज न्हाई तर उद्या येईलच की. साखर वाटली, ओटी भरली, बायकांनी गाणी म्हटली."

"आणि मग?"

"मग काय? दुसऱ्या म्हैन्याला बसवायलाच लागली. न्हाई बसवली तर गाव काय म्हणंल? पोट ऱ्हायलं म्हणंल."

एकदा खोटं बोलून सुटका नव्हती. महिना भरला की ते पुन्हा बोलावं लागायचं, आणि ते बोलायचं कुणी, तर त्या पोरीनं, तोंड न उघडता, पडवीत बसून. सुरुवातीला तिला बरं वाटायचं, असं तिनं मला नंतर सांगितलं. पाणी भरायचं नाही, शेण काढायचं नाही, कुणी हाक मारायचं नाही. पुढं पुढं ती देवाला म्हणायची, इतकं बसते, आता खरंच येऊ दे.

"अक्का, हे डॉक्टरला सांगायला पाहिजे," मी म्हटलं.

"न्हाई."

"अगं, त्यांना वाटतंय सगळं वेळेवर आहे. ते भलतंच समजून कापतील."

"कापू देत की!" अक्का म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत अशी आशा होती की मला भीती वाटली. "इतकी वर्सं आत साठून ऱ्हायलंय. त्याचाच गड्डा झालाय, मला ठाव हाय. डाक्टर काढत्यात, वाट मोकळी हुती, समदं सरळ हुतं. लग्नाच्या आधी सरळ हुतं. कुणाला कळायची गरजच न्हाई."

खोटं का बोलू, मलाही ते पटलं. पाणी तुंबलं की फुगवटा येतोच. पण मग सांगायला काय हरकत आहे, असं मी विचारलं. अक्का म्हणाली, त्या दवाखान्यात अर्ध्या तालुक्याची माणसं येतात, कोण कुठल्या गावची, कुणाची नणंद कुठं दिलेली, सांगता येतं का? एका कानावर गेलं की खानापूरला पोचलंच. मग ही सोयरीक मोडेल, आणि मोडलेली सोयरीक घेऊन पोरगी कायमची पडवीत.

मी तिला वाटेल ते बोलले. तुझ्या अब्रूवर झाकण घालायला पोरीचं पोट कापून घेतेस का, असं म्हटलं. आई म्हणवून घ्यायला लाज वाटत नाही का, असंही म्हटलं. अक्का ऐकत राहिली. मग माझी अक्का, जिनं मला न्हाऊमाखू घातलं, जिच्या मी आजवर पाया पडत आले, ती वाकली आणि तिनं राखेच्या हातांनी माझे पाय धरले. "तुझ्या पाया पडती मी. सांगू नको."

धाकट्या बहिणीच्या पायांवर मोठीचे हात. मी पाय मागे घेतले ते मायेनं नव्हे, घाबरून. तिच्याशेजारी ओल्या दगडावर बसले आणि दोघी रडलो. मला वाटायला लागलं, असू दे, नाही सांगत, शुक्रवार जाऊ दे, जे व्हायचं ते होईल. खरंच तसं वाटलं. आतून पोरीनं हाक मारली म्हणून मी मान वर केली. ती बाहेर जायचा ड्रेस घातलेली, केस विंचरून, पायांत चपला अडकवून दारात उभी होती.

"मावशी," ती म्हणाली, "बेळगावची बस लागलीया."

बसमध्ये अक्का आमच्या मागच्या सीटवर बसली. लोंढा गेलं, खानापूर आलं. खानापूरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा तिनं पदर पुढे ओढून तोंड खिडकीकडून फिरवलं, जणू व्याहीच तिकिटं काढायला उभे आहेत.

मोठे डॉक्टर ऑपरेशनला गेले होते. त्यांच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीण होती, म्हैसूरकडची. तिचं कन्नड शाळेच्या पुस्तकातलं, आमचं बाजारातलं. मराठी तिला अजिबात कळत नव्हती. मी माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडात सांगितलं की ही बाहेर बसते, पण हिला पाळी कधी आलेलीच नाही.

"बसते म्हणजे?" तिनं विचारलं.

तिला बसणं म्हणजे काय तेच माहीत नव्हतं! मी सगळं सांगितलं, पडवी, चटई, वेगळं ताट. साखर वाटलेली सांगितली. बोलताना माझा आवाज चढत गेला, कारण मागं अक्का हुंदके देत होती आणि मला ते ऐकायचे नव्हते. डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. पोरीला म्हणाली, खरं का? पोरगी म्हणाली, हो. डॉक्टरणीनं तिला पडद्याआड नेलं. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "कदाचित आत साठलं असेल. काही मुलींना वाट बंद असते. तसं असेल तर छोटं ऑपरेशन. पण मला नीट बघू द्या."

अक्कानं ते ऐकलं आणि माझा दंड पकडला. "बघ. म्हटलं न्हवतं मी?" तिच्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांनी रंग पाहिला. कँटीनमध्ये जाऊन तिनं स्वतः इडली खाल्ली, पोरीला खायला लावली, माझ्याकडे बघून हसलीसुद्धा. मी माझ्या मनात देवीला खणनारळ बोलले. आम्ही तिघी त्या कँटीनमध्ये इतक्या खूश होतो की शेजारच्या बाकावरच्या माणसाला वाटलं असेल, इथं कुणाला तरी मूल झालं.

मग स्कॅन. या वेळी माझं लक्ष होतं. स्कॅनवाल्यानं खाली गाठीवर यंत्र फिरवलं, थांबला. मग वर गेला. बरगडीखाली, उजवीकडे, डावीकडे. पोरीला एका कुशीवर वळवलं, दुसऱ्या कुशीवर वळवलं. श्वास धर, सोड, पुन्हा धर. वर काय शोधतोय हा? "अहो, गाठ खाली आहे," मी म्हटलं. त्यानं डॉक्टरणीला बोलावलं आणि दोघं स्क्रीनकडे बघत राहिली, आणि पुन्हा यंत्र वरच फिरायला लागलं. काहीतरी हरवलंय, आणि ते जिथं असायला हवं तिथंच पुन्हा पुन्हा शोधतायत, एवढं मला कळलं. घरात कात्री सापडेना की मीही तसंच करते.

त्यानंतर मोठा स्कॅन, नसेतून औषध सोडून काढायचा. पोरगी आत गेली आणि आम्ही दोघी बाहेर बाकावर. अक्का जपमाळेसारखी एकच गोष्ट पुटपुटत होती, वाट बंद हाय, उघडत्यात, वाट बंद हाय, उघडत्यात. माझी आशा मात्र तेव्हाच गेली होती.

दुपारी आम्हाला आत बोलावलं. मोठे डॉक्टर होते, डॉक्टरीण होती. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. ते पोरीकडे बघून मराठीत बोलले, आमच्याकडे बघून नव्हे, आणि त्याबद्दल मी त्यांना पुढचं मागचं माफ केलं.

"बाळ, तुझ्या पोटातली गाठ ही गाठ नाही. ती तुझी किडनी आहे."

आम्हाला काहीच कळेना. ते म्हणाले, मूल पोटात असताना किडनी खाली ओटीपोटात तयार होते आणि मग हळूहळू वर सरकत आपल्या जागी जाते. हिची वर गेलीच नाही. खालीच राहिली आणि तिथंच मोठी झाली. दुसरी असायला हवी, ती झालेलीच नाही. ही एकच आहे, आणि ती उत्तम चालते आहे.

"एकच," मी म्हटलं.

"एकच," ते म्हणाले. "शुक्रवारी मी ती काढली असती."

दोन्ही किडन्या गेलेलं एक माणूस आमच्या गल्लीत होऊन गेलं होतं, आठवड्यातून बेळगावच्या खेपा, हातापायाला सूज, आणि मग एक दिवस खेपा बंद. अक्का हात जोडून मोठ्या डॉक्टरांना म्हणाली, "म्हणजे कापायचं न्हाई?" नाही, ते म्हणाले, कोणालाही कधीही हात लावू देऊ नका. तेवढ्यात त्यांना कुणीतरी बोलवायला आलं आणि उरलेलं सांगायचं डॉक्टरणीवर सोपवून ते गेले. बायकांचं बायकांनी सांगायचं, हा रिवाज दवाखान्यातही आहेच.

तिनं खुर्ची पोरीजवळ ओढली आणि कन्नडात सांगितलं. किडनी आणि गर्भाशय एकाच सुमाराला, शेजारी शेजारी तयार होतात, एकाचं बिनसलं की कधी कधी दुसऱ्याचंही बिनसतं. "गर्भचील इल्ल," ती म्हणाली. पिशवीच नाही. ढकललेली नाही, बंद नाही, तिथं झालेलीच नाही. बीजकोश दोन्ही आहेत, म्हणून अंगानं ही पुरती बाई झाली. पण पाळी येणार नाही. मूल पोटात राहणार नाही. लग्न करता येईल, त्यासाठी काही उपचार लागतील, ते ती समजावून सांगेल. भरपूर पाणी पी, ओटीपोटाला मार लागू देऊ नकोस. तुझं काही चुकलेलं नाही, असं ती दोनदा म्हणाली. पोरगी तिच्याकडे बघत ऐकत होती. रडली नाही. तुंबलेलं सुटणार म्हणून इडली खाल्लेली पोर ती, आणि आता तिला कुणी सांगत होतं की सुटायला आत काही नव्हतंच. मला त्या डॉक्टरणीचं तोंड दाबावंसं वाटलं.

ती सोयरीक राहिली नाही, ते इथंच सांगून टाकते. अक्कानं मोडली नाही, पोरीनंच मुलाला फोन करून मोडली. काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. गावानं जे बोलायचं ते बोलून घेतलं. आता ती रामनगरलाच असते, माझ्याच दुकानात, आणि तिची कटिंग माझ्यापेक्षा सफाईची आहे.

पण मला त्या सगळ्याहून ती खोलीच जास्त आठवते. डॉक्टरीण बोलायची थांबली आणि अक्का खुर्चीवरून उठून तिच्या टेबलापाशी गेली. तिला कन्नड चांगलं येतं, पण अशा वेळी माणसाच्या तोंडी आपलीच भाषा येते. दोन्ही हात टेबलावर टेकून ती आमच्या मराठीत बोलायला लागली.

"बाईसाब, तरी बी कापा. आतलं काय काढू नका, किडनीला हात लावू नका. नुसतं वरनं कापा आन् टाकं घाला. एक रेघ ऱ्हाऊ द्या पोटावर. मी सांगीन, गाठ व्हती, त्यात पिशवी काढली म्हणून. पिशवी काढलेल्या बायका हायत की आमच्यात. त्यांस्नी हळदीकुंकवाला बोलावत्यात, त्यांच्यासाठी लोक हळहळत्यात. देवानं दिलीच न्हाई म्हटलं तर हिला उंबऱ्यात कोण घील? तेवढी रेघ द्या. मी तुमची आईसारखी हाय. तेवढी रेघ द्या."

डॉक्टरणीला एक अक्षर कळलं नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं. "अम्मा काय म्हणतायत?"

सकाळपासून मीच बोलत होते. जे बोलू नको म्हणून माझे पाय धरले तेही मी बोलून टाकलं होतं, आवाज चढवून. आता तोंड उघडेना. हे कन्नडात कसं म्हणायचं? आणि म्हटलं तर अक्काला परत कुठल्या तोंडानं बघायचं? तिचे हात अजून टेबलावर होते आणि ती डॉक्टरणीच्या तोंडाकडे अशी बघत होती की जणू आता ही हो म्हणणार आहे.

"अम्मा विचारतायत," पोरगी शाळेतल्या स्वच्छ कन्नडात म्हणाली, "आम्ही घरी कधी जाऊ शकतो."

डॉक्टरणीला हायसं वाटलं. "आजच," ती म्हणाली. "आत्तासुद्धा."

अक्कानं मान वळवून आपल्या मुलीकडे बघितलं. पोरगी उठली, आईचे हात टेबलावरून उचलले, आणि तिला धरून दारापर्यंत घेऊन गेली.